न सांगण्याचं काम

उपकेंद्रातली सिस्टर गरोदर बाईच्या बोटाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसते, लॅन्सेटने टोचते, पहिला थेंब पुसून टाकते आणि दुसरा पट्टीवरच्या खळग्यात सोडते. वरून बफरचे थेंब. मग घड्याळ बघत बसायचं. तेवढ्या वेळात वजन होतं, रक्तदाब होतो, हिमोग्लोबिन बघितलं जातं, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या की चुलीमागे गेल्या याची विचारपूस होते. एचआयव्हीचीही तपासणी आहे हे सिस्टरने आधी सांगितलेलं असतं. बाई 'करा' म्हणालेली असते, कारण दवाखान्यात 'नको' म्हणायची सवय आपल्याकडे कुणालाच नाही. पट्टीवर एकच रेघ उमटली की कार्डावर नोंद करून पुढच्या बाईला हाक. दुसरी रेघ उमटली, तर मात्र सिस्टरचं अवघड काम तिथून सुरू होतं.

दोन रेघा म्हणजे निदान नव्हे. उपकेंद्रावरची पट्टी ही नुसती चाळणी. पक्कं निदान ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात होतं, तेही वेगवेगळ्या तीन किटवर रक्त तपासून. म्हणजे या बाईला आता घोडेगाव, मंचर, नारायणगाव किंवा जुन्नरला जायला लावायचं. ती घाबरून घरी बसता कामा नये आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना कळताही कामा नये. सोनोग्राफी, रक्त कमी असणं, 'मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या' ही कारणं अशा वेळी उपयोगी पडतात. ती खोटी नसतात, अपुरी असतात. अशी अपुरी वाक्यं नीट बोलता येणं ही या कामातली मोठी कसोटी आहे आणि ती कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत एका ओळीपलीकडे जात नाही.

एचआयव्हीवरचे आपल्याकडचे लेख बहुधा रुग्णाच्या दुःखावर असतात किंवा एखाद्या संस्थेच्या त्यागावर. दोन्ही खरंच आहे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा आजार मरणाच्या यादीतून रोजच्या गोळीच्या यादीत आला. तो तसा आणणाऱ्यांत शास्त्रज्ञ, औषध कंपन्या आणि सरकार यांच्याबरोबर आणखी एक मोठी फळी आहे: एएनएम म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर, आशा, समुपदेशक, लॅब टेक्निशियन, गोळ्या मोजून देणारा फार्मासिस्ट, गाव आणि दवाखाना यांना जोडणारा लिंक वर्कर. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत या फळीचं काम जवळून बघता येतं, कारण इथे महाराष्ट्राची जवळजवळ सगळी सोंगं एका पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत.

दोन तालुके, चार रस्ते

पश्चिमेला सह्याद्री. नाणेघाट, आंबे-हातवीज, आहुपे, भीमाशंकर. पावसाळ्यात धुक्यात बुडालेल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या, भातखाचरं, हिरड्याची झाडं. तळेघर, आडिवरे, आपटाळे, मढ, इंगळून इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं या डोंगरपट्ट्यासाठी. पूर्वेला मात्र कुकडी प्रकल्पाचं पाणी. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी इथे ऊस, द्राक्षं, टोमॅटो, कांदा उभा केला. नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि मंचरची बाजार समिती राज्यभर माहीत आहे. २०११च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या घरात होती, आंबेगावची सव्वादोन लाखांच्या वर.

मधून पुणे-नाशिक महामार्ग जातो. आळेफाट्यावर त्याला कल्याण-नगर रस्ता आडवा छेदतो, माळशेज घाटातून मुंबईच्या बाजूने आलेला. रात्रभर ट्रक, ढाबे, भाजीचे टेम्पो. दिवाळीनंतर विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या हद्दीत ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. डोंगरातली माणसं भात कापून झाला की मजुरीला पूर्वेकडच्या मळ्यांत उतरतात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहिलं, तर शेजारच्या अकोले तालुक्यापासूनची माणसं भेटतात.

आणि नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी. माघ-फाल्गुनात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देऊन जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. पूर्ण दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाईंची आठवण महाराष्ट्राला पाठ आहे: मधेच आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. ही गोष्ट आपण कलेच्या निष्ठेची म्हणून सांगतो. आरोग्य खात्याच्या नजरेने बघितलं, तर ती सतत फिरत्या बाईपर्यंत एकही आरोग्यसेवक न पोहोचल्याची गोष्ट आहे.

महामार्ग, कारखाना, मजूर अड्डा, फड. एचआयव्हीच्या कार्यक्रमात 'स्थलांतरित' आणि 'ट्रकचालक' हे शब्द नेहमी येतात. त्यामुळे एक गैरसमजही पक्का झाला, की हा आजार बाहेरून येणाऱ्यांचा. पुण्यातल्याच संशोधनाने तो १९९७ साली मोडून काढला होता. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध नसलेल्या विवाहित बायकांनाही लागण होते आहे आणि त्यांचा धोका त्यांच्या नवऱ्याच्या वागण्यात आहे. हेच गंगाखेडकर २०२०मध्ये कोरोनाच्या पत्रकार परिषदांमुळे घराघरांत पोहोचले. गावच्या उपकेंद्रात प्रत्येक गरोदर बाईचं बोट टोचलं जातं, त्यामागे हे ज्ञान आहे. तिने काय केलं हा प्रश्नच तिथे नसतो.

भोसरीवरून जाणारी एसटी

जुन्नरहून पुण्याला निघालेल्या एसटीला भोसरी लागतेच. तिथल्या एमआयडीसीत १९९२ साली ही संशोधन संस्था उभी राहिली. देशातली पहिली लागण चेन्नईत १९८६मध्ये सापडली होती आणि मुंबई-पुण्यात आकडे वाढत होते. परिणामकारक औषध नव्हतं. पुढे आलं, तेव्हा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. रुग्णाला निदान सांगायचं आणि हात जोडायचे, एवढंच डॉक्टरच्या हाती होतं.

त्या काळाची भीती दवाखान्यातच जास्त होती. दाराशी लाल अक्षरात लिहिलेली पाटी, खाटेवर वेगळी चादर, बाळंतपणाला नकार, शस्त्रक्रियेची तारीख पुढे पुढे ढकलणं, न विचारता केलेली तपासणी आणि रिपोर्ट थेट नातेवाइकांच्या हातात. आजाराबद्दल गावाने जे शिकलं, त्यातलं बरंचसं दवाखान्याकडे बघून शिकलं. आरोग्यसेवकच हातमोजे घालूनही हात लावायला घाबरतो म्हटल्यावर शेजारणीने ताट वेगळं ठेवलं, तर नवल काय?

बदल टप्प्याटप्प्याने आला. २००१च्या फेब्रुवारीत 'सिप्ला'च्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्र डोस दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला आणि जगभरचं दरपत्रक कोसळलं. १ एप्रिल २००४पासून भारत सरकारने निवडक आठ केंद्रांवर एआरटी ही विषाणूरोधक उपचारपद्धती मोफत सुरू केली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यातलं एक. सुरुवातीला रोगप्रतिकारशक्तीच्या सीडीफोर पेशींची संख्या २००च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. माणूस पुरेसा आजारी पडेपर्यंत थांबायचं, असा तो हिशेब. पुढे ही मर्यादा ३५०, मग ५०० झाली आणि २०१७मध्ये मर्यादाच गेली: निदान झालं की उपचार सुरू. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची मिळून एक गोळी रोज घ्यायची असते. तिला सगळे 'टीएलडी' म्हणतात.

यातला एक मोठा पुरावाही भोसरीच्या रस्त्यावरचाच. 'एचपीटीएन ०५२' या नऊ देशांतल्या अभ्यासात पुण्याच्या जोडप्यांचाही सहभाग होता. २०११मध्ये निष्कर्ष आला, की जोडीदारांपैकी लागण झालेल्याला लवकर औषध सुरू केलं, तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही, हे आता जगभर मान्य आहे. उपचार आणि प्रतिबंध यांच्यातली भिंत त्या निष्कर्षाने पडली. गोळी वेळेवर पोहोचवणारा समुपदेशक हाच प्रतिबंध करणाराही झाला.

माहेर, सासर आणि सरबताची बाटली

या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा गरोदर बाईचा. उपचार नसेल, तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. गरोदरपणात आणि पुढे आईने एआरटी घेतली, बाळाला वेळेवर औषध मिळालं, तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. फरक एवढा मोठा आहे, की चुकलेली प्रत्येक बाई म्हणजे टाळता आली असती अशी एका मुलाची आयुष्यभराची गोळी.

आता आपल्याकडची रीत बघा. बाईचं नाव नोंदलं जातं सासरी, समजा आंबेगावच्या पूर्व भागात. तपासणी तिथे, एआरटी सुरू झाली तीही तिथल्या नोंदीवर. सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन ती जाते माहेरी, जुन्नरच्या डोंगरात किंवा घाट ओलांडून अकोल्यात. बाळंतपण तिकडच्या आरोग्य केंद्रात. म्हणजे सासरच्या सिस्टरला माहीत असलेली गोष्ट माहेरच्या प्रसूती कक्षाला माहीत हवी, पण माहेरच्या भावजयीला कळायला नको. ही माहिती समुपदेशक फोनवरून पुढे देतो. बाई कुठे जाणार, कोणत्या तारखेला, तिच्यासोबत कोण असणार, तिच्या पिशवीत गोळ्या किती दिवसांच्या आहेत, बाळाचं औषध तिथे पोहोचलं आहे का. ही सगळी विचारपूस फाइलमध्ये 'फॉलोअप केला' अशी दोन शब्दांत मावते.

बाळ जन्मलं की त्याला नेव्हिरापिनचं सरबत सुरू करायचं, रोज, निदान सहा आठवडे. आईच्या रक्तातला विषाणू आटोक्यात नसेल तर जास्त काळ, सोबत आणखी एक औषध. बाळंतिणीच्या खोलीत त्या सहा आठवड्यांत कोण येत नाही? पाचवीला आत्या, बाराव्याला बारसं, शेजारच्या बाया, टोपडं घेऊन आलेली मावशी. कोपऱ्यातल्या बाटलीकडे सगळ्यांचं लक्ष जाणार. 'कसलं औषध गं?' या प्रश्नाचं उत्तर आईच्या तोंडी तयार असलं पाहिजे. समुपदेशक ते तिच्याकडून आधी पाठ करून घेतो. वरचं दूध की अंगावरचं, यावरही घरातल्या म्हाताऱ्यांची मतं असतात. सहा महिने निव्वळ अंगावर पाजावं आणि आईने गोळ्या चुकवू नयेत, हा आजचा सल्ला. 'कावीळ होईल', 'दूध बाधेल' असं म्हणून मधेच बाटली सुरू झाली, की सगळा बेत बिघडतो. इथे आशाताईच्या शब्दाला डॉक्टरच्या शब्दाहून जास्त वजन, कारण ती त्याच गावची सून असते आणि दोन बाळंतपणं काढून बसलेली असते.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब काढून कागदी कार्डावर वाळवतात. ही कार्डं प्रयोगशाळेत जातात. भोसरीची संस्था ही या तपासणीच्या प्रयोगशाळांपैकी एक. पुन्हा सहा महिन्यांनी, वर्षाने, शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. तोपर्यंत 'निगेटिव्ह' हा शब्द पक्का म्हणून उच्चारायचा नाही. अठरा महिने एका कुटुंबाचा माग काढत राहायचा. ते कुटुंब मधे कोपी उठवून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेलं असू शकतं, मोबाइलचं सिम बदललेलं असू शकतं. तरी ज्या दिवशी शेवटचा रिपोर्ट कोरा येतो, त्या दिवसाचं कौतुक करायला कुणी नसतं. पेढे वाटायचे तर कशाचे म्हणून?

तीस गोळ्यांचा हिशेब

एआरटी केंद्रात रुग्णाला एक पुस्तक मिळतं. हिरव्या रंगाचं, म्हणून हिरवं पुस्तकच म्हणतात. गोळ्या घ्यायला येताना मागची बाटली सोबत आणायची. उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. तीस दिल्या, अठ्ठावीस दिवसांनी आलात, दोन उरल्या पाहिजेत. सात उरल्या, तर पाच रात्री काय झालं होतं? रागावून विचारलं, तर पुढच्या वेळी माणूस पाच गोळ्या मोरीत टाकून येतो आणि हिशेब बरोबर दाखवतो. म्हणून प्रश्न फिरवून विचारावा लागतो. बाहेरगावी गेला होता का, पाहुणे आले होते का, रात्रपाळी होती का. बाटलीचा खुळखुळाट होऊ नये म्हणून आत कापूस कोंबणं, लेबल खरवडणं, गोळ्या पोटदुखीच्या डबीत ओतून ठेवणं हे सगळे उद्योग समुपदेशकांना ठाऊक असतात. ते त्याला अडवत नाहीत. गोळी पोटात गेली, की बाकी सगळं माफ.

वर्षातून एकदा व्हायरल लोडची तपासणी होते. मिलिलिटरमागे हजाराच्या खाली आकडा आला, की औषध काम करतंय. वर गेला, की पुन्हा समुपदेशन आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. एड्सच्या जोडीला येणारा सर्वांत जुना सोबती म्हणजे क्षयरोग. म्हणून दर भेटीत चार प्रश्न ठरलेले: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. यात काही चमकदार नाही. चुकवायचं नाही, इतकंच.

गंमत अशी, की जवळचं केंद्र सगळ्यांना नको असतं. जुन्नरचा माणूस पुण्याला ससूनमध्ये किंवा औंधला जातो, कारण तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा त्याच्या मेहुण्याच्या वर्गातला असतो. पुण्याहून मात्र एखादा आडगावी येऊन गोळ्या घेत असेल, तेही त्याच कारणाने. सरकारने केंद्रं जवळ आणली ही चांगलीच गोष्ट. पण रुग्ण अंतर दोन पद्धतींनी मोजतो: किलोमीटरमध्ये आणि ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये. मार्च २०२३पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. पुण्याला जाऊन-येऊन होणारा खर्च त्यामुळे बाईपुरता निम्म्यावर आला. आरोग्य खात्याच्या योजनेतून न आलेली ही मदत गुप्ततेसाठी लांब जाणाऱ्या बाईला थेट मिळाली.

फिरत्या माणसांसाठी दुसरी सोय झाली. कोरोनाच्या टाळेबंदीत २०२०मध्ये स्थिर रुग्णांना एका वेळी तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्यावर भर आला. ऊसतोडीला आलेलं जोडपं, फडाबरोबर दसऱ्यापासून वैशाखापर्यंत फिरणारी कलावंतीण, आठवडाभर गाडीवर असणारा ड्रायव्हर यांच्यासाठी ही सोय सगळ्यात मोठी. दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावरही नोंद दाखवून गोळ्या घेता येतात. पण हे रुग्णाला सांगायला त्याच्या वेळेला कुणीतरी भेटलं पाहिजे आणि त्याची वेळ बहुधा दवाखान्याच्या वेळेशी जुळत नाही.

आशाताईला माहीत असतं का?

नियमाने, नाही. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती कुणालाही सांगायची नाही, गावच्या आशाला तर नाहीच. हजार लोकवस्तीमागे एक आणि आदिवासी भागात वस्तीगणिक एक, अशी २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. तिची मुळं महाराष्ट्रात जुनी आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०च्या दशकापासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. आंबेगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, वढूला, डॉ. बानू कोयाजींनी केईएम रुग्णालयातर्फे तेच केलं. गावची बाई गावाला सांभाळू शकते, हा विश्वास तिथला.

पण गावची बाई म्हणजे गावाच्या नात्यागोत्यातली बाई. हेच तिचं बळ आणि हीच अडचण. तिला कुणी सांगितलेलं नसतं, तरी दर महिन्याला ठरावीक तारखेला पुण्याला जाणारी सून तिच्या नजरेतून सुटत नाही. समजलं, की तिच्यापुढे दोन वाटा असतात, बोलून टाकायचं किंवा दुर्लक्ष करायचं. चांगली आशा तिसरी शोधते: ती फक्त त्या एकाच घरी जात नाही. गल्लीतल्या सगळ्या घरी जाते, सगळ्यांची वजनं विचारते, सगळ्यांना खोकल्याबद्दल विचारते, त्यात ते एक घरही येतं. एका घरावर बोट येऊ नये म्हणून पंचवीस घरं फिरायची. तिच्या अहवालात पंचवीस गृहभेटी दिसतात, त्यातली खरी कोणती ते दिसत नाही.

या कामाचं हे वेगळेपण आहे. पोलिओचा डोस पाजला, तर बोटाला शाई लागते. मोतीबिंदूचं शिबिर झालं, तर हिरव्या पट्ट्या बांधलेल्यांचा फोटो पेपरात येतो. एचआयव्हीत यशाची खूण म्हणजे गावाला काहीच न कळणं. जितकं काम चोख, तितकं ते अदृश्य. आणि जे दिसत नाही, त्याला आपल्या व्यवस्थेत पैसे मिळत नाहीत.

समुपदेशक आणि लॅब टेक्निशियन वर्षानुवर्षं कंत्राटी आहेत. करार दर वेळी नव्याने होतो, माणूस जुनाच. आशांना पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यभरच्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. आश्वासनं मिळाली, शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४मध्ये पुन्हा. फेब्रुवारीत आझाद मैदानावर बसून राहिल्या. मार्चमध्ये आशांच्या मानधनात पाच हजारांची वाढ झाली. त्या बायकांच्या घोषणांत एचआयव्हीचं नाव नव्हतं, असणारही नव्हतं. पण सरबताच्या बाटलीची आठवण करून देणारी बाई तीच होती.

कायदा कपाटात आहे

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय वाच्यता नाही. नोकरी, शिक्षण, घर, उपचार यांत भेदभाव बेकायदा. जोडीदाराला धोका असेल आणि रुग्ण स्वतः सांगत नसेल, तर काही अटींवर डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो. पण सांगितल्याने बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर सांगायचं नाही. हे कलम लिहिणाऱ्याला आपलं घर माहीत होतं. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी हवा, असंही कायदा सांगतो. तालुक्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयात जाऊन 'तुमचा तक्रार अधिकारी कोण?' असं विचारून बघा.

याच कायद्याने आरोग्यसेवकालाही हक्क दिला: हातमोजे, सुरक्षित साधनं, प्रशिक्षण आणि सुई टोचलीच तर प्रतिबंधक औषध. बाधित सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता हजारात तीन. औषध लवकरात लवकर, दोन तासांत घेतलं तर उत्तम, पण ७२ तासांच्या आत घेतलंच पाहिजे आणि पुढे २८ दिवस चालू ठेवायचं. ज्या दवाखान्यात ही गोळी कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत आहे, तिथे बाळंतपणाला नकार मिळण्याचं प्रमाण आपोआप घटेल. भीतीवरचा उपाय भाषण नसून साठा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरोग्यसेवा स्वतःच आजार पसरवू शकते. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊमध्ये २०१८च्या सुरुवातीला डझनावारी माणसं बाधित सापडली आणि बोट एका भोंदू डॉक्टरच्या पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुईकडे गेलं. २०१९मध्ये पाकिस्तानात सिंधच्या रतोदेरो शहरात शेकडो मुलं बाधित निघाली, कारण तेच. 'डॉक्टर, सुई मारा, गोळीने बरं वाटत नाही' ही मागणी आपल्या आठवडी बाजारातही ऐकू येते. सुई नको म्हणणारा डॉक्टर पेशंट गमावतो. तरी नको म्हणणं हा त्याच्या वाट्याचा एचआयव्ही कार्यक्रम आहे.

आणि एक गाठ अजून सुटलेली नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांना महिन्याला पंधराशे रुपये मिळू शकतात. त्यासाठी प्रमाणपत्र हवं, अर्ज तहसीलला, चौकशी गावात, मंजुरी समितीत. दवाखान्याने वर्षभर जपलेली गोष्ट या एका अर्जात चार टेबलांवरून फिरते. कित्येक बायका पैसे नको म्हणतात. इथे समुपदेशक, विधवा म्हणून किंवा दुसऱ्या निकषावर अर्ज बसतो का ते शोधतो. पुण्यातून चालणारं बाधितांचं राज्यस्तरीय नेटवर्क, एनएमपी प्लस, अशा सोडवणुकीत वर्षानुवर्षं आहे. अर्ज सांकेतिक क्रमांकावर चालवणं सरकारला अवघड नाही, गोळ्या तशाच चालतात.

पुढचं इंजेक्शन

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास. नवी लागण २०१०च्या तुलनेत बरीच घटली आहे, थांबलेली नाही. २०२५मध्ये दोन बातम्या एकाच वर्षात आल्या. अमेरिकेने परदेशी मदत रोखल्याने आफ्रिकेतली केंद्रं अडचणीत आली. आणि वर्षातून दोनदा टोचायच्या लेनाकापाविर या प्रतिबंधक इंजेक्शनला मान्यता मिळाली. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्या ते २०२७पासून गरीब देशांना वर्षाला चाळीस डॉलरमध्ये देणार, अशी घोषणाही झाली. भारताचा कार्यक्रम आता मुख्यतः स्वतःच्या पैशावर चालतो, म्हणून पहिल्या बातमीचा धक्का इथे कमी बसला. दुसऱ्या बातमीचा फायदा व्हायचा, तर सहा महिन्यांनी तीच बाई, तोच ड्रायव्हर, तेच ऊसतोड जोडपं पुन्हा सापडलं पाहिजे. औषध जितकं दमदार, तितका माग काढणारा माणूस महत्त्वाचा.

जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांसाठी पाहिजे ते फार महाग नाही. समुपदेशकाला दार लागणारी खोली, कारण पडद्याआड एचआयव्ही बोलता येत नाही. कराराऐवजी कायम नोकरी, कारण विश्वास दर वर्षी नव्याने नेमता येत नाही. बाजाराच्या दिवशी आणि हंगामात संध्याकाळी उघडं राहणारं केंद्र, कोप्यांवर आणि राहुट्यांवर जाणारं पथक, आशाच्या मोबदल्याच्या तक्त्यात गुप्तता राखून केलेल्या पाठपुराव्याला एक रकाना. १०९७ हा एचआयव्हीविषयी मदतीचा मोफत क्रमांक आहेच, पण फोन उचलणारा तळेघर कुठे हे जाणत नाही. तिथली सिस्टर जाणते. बजेट मांडणाऱ्यांनी या माणसांकडे यशोगाथा मागू नये. ती सांगायची नाही, याचेच त्यांना पैसे द्यायचे आहेत, आणि वेळेवर द्यायचे आहेत.